सौ. श्रीधर आठल्ये

नऊ वर्षांपूर्वी मला एक पत्र आलं. त्याला मी उत्तर दिलं नाही. पत्र कागदावरचं नव्हतं. इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात प्रत्येक लिहिणाऱ्याचं एक चर्चापान असतं, माझ्या पानावर ते लिहिलेलं होतं.

‘महोदय, आपण कोण आहात मला ठाऊक नाही. माझ्या आईवरचा लेख काढून टाकावा, अशी सूचना आपण लावली आहे. मंदाकिनी आठल्ये यांनी कोलकात्यात एकतीस वर्षं, दर रविवारी, मराठी मुलांना लिहायला-वाचायला शिकवलं. कोणता संदर्भ हवा ते सांगा, मी शोधून आणते. उषा.’

मी कोण ते तिला ठाऊक नव्हतं, कारण तिथे मी ‘वाचनमग्न’ या टोपणनावाने लिहितो. ती कोण ते मला पक्कं ठाऊक होतं. इथे कोलकात्यातच, बागबाजारात आमच्यापासून तीन गल्ल्या सोडून राहते. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत दरवर्षी भेटते, ‘काका, बरे आहात ना?’ विचारते. मी मान हलवतो आणि प्रसादाच्या रांगेत शिरतो.

ज्ञानकोशात कुणीही लिहू शकतो, कुणीही खोडू शकतो. म्हणून नियम असा, की प्रत्येक विधानाला छापील पुरावा हवा. आपल्याला माहीत आहे, एवढं पुरत नाही. ग्रंथालयातली नोकरी संपल्यावर या नियमाची राखण करत बसणं मला फार आवडू लागलं. माणसांशी बोलावं लागत नाही. ‘संदर्भ नाहीत, उल्लेखनीयता सिद्ध होत नाही,’ एवढी एक ओळ लावायची. सात दिवसांत पुरावा आला नाही, तर तिथले कारभारी, म्हणजे प्रचालक, अख्खा लेख काढून टाकतात. उषाचा लेख आठव्या दिवशी गेला.

गेल्या महिन्यात, मी मुलाखतीला हो म्हटल्यावर, पुण्याहून ऋता नावाची विद्यार्थिनी आली. ती अशा काढलेल्या लेखांवर पीएच.डी. करते. कुणी काय लिहिलं, कुणी काढलं, कोण पुन्हा फिरकलं नाही, हे सगळं तिथे नोंदलेलं राहतं. ती ते मोजते.

“काका, तुमचं नाव कुठेही येणार नाही. माझ्या प्रबंधात तुम्ही ‘संपादक क्रमांक चौदा’.”

“चौदा?” माझी बायको श्यामला चहा ठेवत म्हणाली. “घरात तर पहिला नंबर असल्यासारखे वागतात.”

ऋताने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. “ही उषा. अकरा दिवसांत एक्केचाळीस बदल. लेख गेला त्या दिवसापासून शून्य. उत्तर न मिळालेली माणसं अशीच निघून जातात.” मग माझा चेहरा बघून ती घाईने म्हणाली, “पण तुम्ही बरोबरच वागलात हं. तुम्हाला मी ‘नियमानुसार’ या रकान्यात टाकलंय.”

“काढ मला त्या रकान्यातून!”

मी ओरडू शकतो हे श्यामलालाही नवीन होतं.

“अहो, हळू. पोरगी घाबरली. कुणाचा लेख?”

“मंदाकिनी आठल्ये.”

“आपल्या मंदाताई? आपल्या आभाला वाचायला शिकवलं त्या? त्यांचा लेख तुम्ही काढायला लावलात?”

“पुरावा नव्हता.”

“आभा हा पुरावा नाही?”

“माणूस चालत नाही, काकू,” ऋता हळूच म्हणाली. “छापील लागतं.”

“मग छापील आहे की! ह्यांनी बावीस वर्षं मंडळाची स्मरणिका काढलीय.”

मी नको नको म्हणेपर्यंत तिने कपाटातला गठ्ठा टेबलावर आपटला. ऋता पानं उलटू लागली. दरवर्षी तीच ओळ. ‘बालवर्ग : श्री. व सौ. श्रीधर आठल्ये.’ एका वर्षी तर नुसतंच ‘श्री. आठल्ये यांचा बालवर्ग.’

श्रीधररावांनी त्या वर्गासाठी एकतीस वर्षांत एकदा बल्ब बदलला. रविवारी ते दहापर्यंत झोपायचे. शहराबाहेरच्या बजबज गावातल्या तेल डेपोतल्या अधिकाऱ्याची दोन मुलं लोकलने यायची, त्यांना आणायला मंदाताई सकाळी सियालदह स्टेशनवर जाऊन उभ्या राहायच्या. हे मला माहीत होतं. नावांची यादी कमिटीकडून यायची आणि बायकांची नावं तशीच छापायचा रिवाज होता. पण पेन्सिल माझ्या हातात होती. अध्यक्षांना ‘बाईंना स्वतःचं नाव आहे’ एवढं म्हणायची माझी छाती झाली नाही. आणि पुढे त्याच बाईंच्या मुलीला मी विचारलं, छापील पुरावा कुठे आहे?

“आणि हे बघ,” श्यामला ऋताला दाखवत होती. “‘लाडू : सौ. दिगंबर साने.’ म्हणजे मी! जणू लाडू ह्यांनीच वळले!”

ऋता हसली. मला संताप आवरेना. “मी आता काहीही लिहिलं तरी चालणार नाही. संपादकाची आठवण हा पुरावा नव्हे. असं सांगून मी स्वतः शंभर माणसं परत पाठवलीत!”

“लेखाचं लेखापाशी,” श्यामला म्हणाली. “पोरीने पत्र लिहिलंय. त्याला उत्तर द्यायला कसला पुरावा लागतो?”

तिच्या पत्राखाली तीन दिवस उत्तर लिहीत होतो. प्रत्येक वाक्यात ‘बहुधा’ आणि ‘कदाचित’ येऊन बसत होते. चिडून सगळे खोडले. उरलं ते असं.

‘उषा, उत्तराला नऊ वर्षं उशीर झाला. मी सूचना लावली तेव्हा मंदाताई कोण ते मला माहीत होतं. माझी मुलगी त्यांच्याकडेच शिकली. तू मागितलेला संदर्भ माझ्या कपाटात होता. १९७९ ते २००० च्या स्मरणिकांत ‘सौ. श्रीधर आठल्ये’ छापलं आहे तिथे मंदाकिनी आठल्ये वाचावं. वर्ग त्यांचा होता, श्रीधररावांचा नव्हता. चूक संपादकाची, आणि संपादक मी. लेख परत आणावा अशी विनंती मी केली आहे. ती बहुतेक फेटाळली जाईल, तो नियम मीच इतरांवर चालवला आहे. पण हे पान तरी राहील. तू रागावली असशील तर घरी येऊन रागाव.’

खाली ‘वाचनमग्न’ आपोआप उमटतं. त्याच्या वर मी दिगंबर साने असं लिहिलं, बागबाजारचा पत्ता लिहिला, आणि ‘प्रकाशित करा’ दाबलं.