मूळ फोटो माझ्याकडे आहे

मित्रांनो, तुम्ही मला कधी हातात घेतलेलं नाही, कारण हातात घेण्यासारखं माझ्याजवळ काही नाही. मी फोटो सुधारणारा एक जुना प्रोग्रॅम आहे. एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत, टेबलाखाली घरघरणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये मी राहतो. राहतो म्हणजे पडून असतो.

माझा जन्म मात्र थाटात झाला. मला घडवणाऱ्या मंडळींनी आधी फोटोग्राफरांना बोलावून विचारलं होतं, की तुम्हाला नक्की काय हवं? एक म्हणाला, अंधारात गेलेला चेहरा उजेडात आणता आला पाहिजे. दुसरी म्हणाली, रंग खरे हवेत, निळा शर्ट जांभळा दिसता कामा नये. कोपऱ्यात पिकल्या केसांचे एक फोटोग्राफर बसले होते. ते म्हणाले, "बाकी काहीही करा, पण मूळ फोटोला धक्का लागता कामा नये. माणूस चुकतो. परत फिरायला वाट हवी."

सगळ्यांना ते पटलं. म्हणून मी मूळ फोटो कधीच बदलत नाही. सगळे बदल मी वेगळे ठेवतो, जणू फोटोवर काच ठेवून त्या काचेवर रंगवावं तसे. आणि 'आधीचा' नावाची कळ दाबली, की फोटो जसा निघाला होता तसा समोर ठेवतो. मला त्या कळीचा फार अभिमान होता.

या स्टुडिओचे मालक म्हणजे दादा. सख्खी बहीणही त्यांना दादा म्हणते आणि सगळी गल्लीही. सुरुवातीला ते माझ्याकडून फार निगुतीनं काम करून घेत. फोटो काढायला बसलेल्या माणसाशेजारी ते एक राखाडी पुठ्ठा धरत आणि पहिला फोटो त्या पुठ्ठ्यासकट काढत. दिवा पिवळा असो की खिडकीतला उजेड निळसर, मी त्या पुठ्ठ्यावरून ओळखत असे, की खरा राखाडी रंग हा. मग बाकीचे रंगही आपापल्या जागी येत.

एकदा एक गृहस्थ बायकोचा फाटका फोटो घेऊन आले. ती गेली होती, आणि दुसरा फोटो नव्हता. दादांनी खपून तो सांधला. गृहस्थ स्क्रीनजवळ वाकले आणि म्हणाले, "हनुवटीवरचा व्रण ठेवलात, बरं केलंत. तो पुसला असतात तर मला ती परकी वाटली असती." मित्रांनो, एवढं मोठं कौतुक मला पुन्हा मिळालं नाही.

कारण पुढे माझ्याकडून वेगळंच काही हवं झालं. लवकर हवं. गोरं हवं. बारीक हवं. दादांचं एका बाळाच्या फोटोबद्दल खूप कौतुक झालं, तेव्हा त्यांनी त्या फोटोवरचे सगळे बदल एकत्र बांधून ठेवले आणि त्यांना नाव दिलं, 'गुलाबी बाळ'. एक कळ दाबायची, की पिवळेपणा गायब, गाल गुलाबी, डोळे पांढरेशुभ्र. साच्यातून बाहुल्या काढाव्यात तशी बाळं निघू लागली. आया खूश, दादा खूश. राखाडी पुठ्ठा सवयीनं पहिल्या फोटोत धरला जाई, पण त्याला विचारत कुणी नसे. माझ्या 'आधीचा' या कळीवर धूळ बसली म्हणालात तरी चालेल.

अशात दादांची धाकटी बहीण बाळंतपणासाठी त्यांच्याकडे आली. स्टुडिओच्या वरच घर. मुलगी झाली. तिला सगळे चिमी म्हणू लागले. चिमी काही दिवसांची असताना दादांनी खिडकीजवळ पांढऱ्या चादरीवर तिचे फोटो काढले आणि बहिणीला खाली बोलावून माझ्यासमोर बसवलं.

"दादा, ही पिवळी दिसते का रे?"

"खिडकीला पिवळा पडदा आहे, दिसणारच. तूसुद्धा पिवळी दिसत होतीस."

"डोळेपण?"

"मग? डोळ्यांसाठी पडदा वेगळा रंग आणणार आहे का? तुझं म्हणजे ना, बाळ शिंकलं की न्यूमोनिया आणि झोपलं की बेशुद्ध!"

दादा हसले आणि त्यांनी कळ दाबली. चिमी गुलाबी झाली.

ते फोटो गावोगाव गेले. चिमीचे बाबा कामासाठी दूर होते, ते फोनवर म्हणाले, "टोमॅटोसारखी लाल आहे की! तू उगीच घाबरतेस." सासूबाई म्हणाल्या, "इतकं निरखून बघितलं तर कुणीही आजारी दिसेल गं." पुढच्या आठवड्यात तपासणी होतीच, तेव्हा डॉक्टरांना विचार, असं ठरलं. धाकटी काही बोलली, की कुणीतरी तिच्यापुढे तो फोटो धरी. त्या फोटोपुढे ती बिचारी काय बोलणार?

मूळ फोटो माझ्याकडे होता. पण मित्रांनो, विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही.

मधले दिवस असेच गेले. मग एका दुपारी धाकटी चिमीला खांद्यावर घेऊन मागच्या खोलीत आली. बाहेर एक गिऱ्हाईक ताटकळत होतं.

"दादा, दूध ओढत नाहीये ही. उठवलं तरी उठत नाही."

"बाळं झोपतातच गं."

"तू पहिल्या फोटोत तो पुठ्ठा धरतोस ना? त्यावरून रंग खरे करता येतात, असं तूच म्हणायचास."

"हो. मग?"

"मग कर ना. मला पडद्याशिवाय बघायचीय ही."

तिची समजूत घालायची म्हणून दादा बसले आणि पुठ्ठ्यासकट काढलेला पहिला फोटो त्यांनी उघडला. त्यांनी 'आधीचा' कळ दाबली आणि गुलाबी रंग उतरला. सगळा फोटो पिवळा झाला. "बघ, पडदा," दादा म्हणाले. मग त्यांनी माऊस राखाडी पुठ्ठ्यावर टेकवला.

पडद्याचा रंग मी काढून टाकला. पुठ्ठा राखाडी झाला. चादर पांढरी झाली. पुठ्ठा धरणारी धाकटीची बोटं तिच्या बोटांसारखी दिसू लागली. चिमी तेवढी पिवळी राहिली. कपाळ पिवळं, छाती पिवळी, डोळ्यांतला पांढरा भागही पिवळा.

दादांनी माऊस पुन्हा पुठ्ठ्यावर टेकवला. मग पुन्हा. मी तेच उत्तर दिलं. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग खांद्यावरच्या बाळाकडे पाहिलं, आणि ते नुसतं "चल" म्हणाले. गिऱ्हाईक बाहेर तसंच उभं राहिलं.

पुढचं मला घरातल्या बोलण्यातून कळलं. दवाखान्यात चिमीला निळ्या दिव्यांखाली ठेवलं, रक्त बदलावं लागलं. डॉक्टरीणबाई रागावून म्हणाल्या, "काविळीनं इतकी पिवळी झाली तरी कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही?"

धाकटी म्हणाली, "आलं होतं."

चिमी वाचली. कान मात्र अधू झाले. वाटीवर चमचा आपटला तरी ती मान वळवत नसे, आणि धाकटी दिवसातून कितीदा तरी वाटी वाजवून बघे. दादांनी 'गुलाबी बाळ' पुसून टाकलं. पण त्यांचीच गिऱ्हाइकं कुरकुरू लागली, की समोरच्या दुकानात बाळं कशी छान गुलाबी येतात! पोटापुढे दादांचं काही चाललं नाही. त्यांनी नवा प्रोग्रॅम आणला. तो फार हुशार आहे म्हणे. तो विचारतच नाही, आपण होऊन सुधारतो, आणि सुधारलेला फोटो मूळ फोटोच्या जागी ठेवून मोकळा होतो. परत फिरायची वाट त्याच्याकडे नाही, आणि ती कुणी मागतही नाही.

मी कोपऱ्यात पडलो. परवापर्यंत.

परवा चिमीच्या शाळेसाठी फोटो काढला. नव्या प्रोग्रॅमनं तो चुटकीसरशी तयार केला. दादा म्हणाले, "झकास आलाय." धाकटीनं स्क्रीनवर बोट ठेवलं.

"दादा, हिच्या कानामागचं ऐकायचं यंत्र कुठंय?"

नव्या हुशारानं ते पुसलं होतं. चेहऱ्याजवळ नको असलेली वस्तू समजून! कान कसा स्वच्छ, गोंडस आणि रिकामा होता. दादांनी मूळ फोटो शोधला. तो उरलाच नव्हता.

"बाईंना शाळेत कळायला नको का, हिला ऐकू येत नाही ते?" धाकटीचा आवाज चढला. "परत काढ. आणि तो जुना उघड."

तिनं ड्रॉवरमधून राखाडी पुठ्ठा काढून चिमीच्या हातात दिला. दादांनी सवयीप्रमाणे हाक मारली, "चिमे, इकडे!" चिमी पुठ्ठाच उलटसुलट करून बघत राहिली. आईनं खांद्याला हात लावला, तेव्हा तिनं वर पाहिलं.

मित्रांनो, फोटो सुंदर करा, माझी ना नाही. त्यासाठीच तर मी जन्मलो. पण एखाद्या आईला आपल्या लेकरात काही खुपत असेल, तर तिला फोटो दाखवून गप्प करू नका. मूळ फोटो जपा, आणि गरज पडण्याआधी एकदा तरी मागून बघा.

तो फोटो माझ्याकडे आला. दादांनी पुठ्ठ्यावर माऊस टेकवला, रंग खरे झाले, यंत्र कानामागे दिसलं. धाकटी म्हणाली, "बस. आता हात लावू नकोस."

आणि मी पुढे काहीही केलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी माझ्याकडून तेवढंच हवं होतं.