बंबाखालची ओल

सौंसरच्या नगरपालिकेत मी एकतीस वर्षं पाण्याच्या खात्यात होतो. रस्त्याला कान लावून पाइप कुठं फुटला ते सांगायचो आणि तिथंच खोदायला लावायचो. बहुतेक वेळा बरोबर निघायचं. म्हणून माझ्याच घरच्या बंबाची गळती मला तीन महिने सापडली नाही, ही गोष्ट मी गावात कोणालाच सांगितली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

बंब तांब्याचा, मागच्या पडवीत तिवईवर उभा. मधल्या नळीत लाकडं पेटवायची, भोवतीचं पाणी तापतं, खालच्या तोटीनं काढून घ्यायचं. शांताच्या आईनं आमच्या लग्नात दिलेला. शांता, माझी बायको, ऑक्टोबरात गेली. बंब गळायला लागला तो त्यानंतर.

आंघोळ झाली की मी आत जाऊन कपडे घालायचो, चहा करून प्यायचो आणि आठच्या सुमारास धुणं घेऊन मागं यायचो. तोवर बंबाखाली पाणी. थेंब-दोन थेंब असते तर मी बोललोही नसतो. चांगलं उंबऱ्यापर्यंत पसरलेलं असायचं. बंबाच्या बुडाशी जो जोड आहे तिथून ते टपकताना दिसायचं, म्हणून मी ठरवून टाकलं की जोड गेला. बाजारातून सांधे भरायचा मसाला आणून लिंपला. दोनदा लिंपला. तोटीचं वायसर बदललं. एका संध्याकाळी बंब भरून खाली वर्तमानपत्र अंथरलं, तर पेपर सकाळी कोरडा. त्याच सकाळी आठ वाजता पुन्हा तळं. हा बंब मुद्दाम माझ्या नाकावर टिच्चून गळतोय असं मला वाटायला लागलं, आणि एकदा मी त्याला चप्पल फेकून मारली. घरात पाहायला कोणी नव्हतं.

जानेवारीत त्याच पाण्यावरून पाय घसरला आणि मनगट मुरगळलं. मी सांगणार नव्हतो, पण दीपाली, माझी मुलगी, नागपूरहून रोज व्हिडिओ कॉल करते. पट्टी लपवायची राहिली.

"बाबा, आज मनगट आहे, उद्या खुबा मोडन," ती म्हणाली. "आम्ही रविवारी गाडी घेऊन येऊन राहिलो. फरशी ओली दिसली ना, तर थो बंब भंगारात अन् तुम्ही आमच्या संगं. मंग मी एक ऐकणार नाही."

तिचं चुकत नव्हतं. तिनं घेऊन दिलेला गीझर खोक्यातच पडून होता, तोही तिनं पाहिला होता. पण मला नागपूरला जायचं नव्हतं. तिथं मी पाचव्या मजल्यावर सोफ्यावर बसून राहीन, जावई घरी आले की उठून उभा राहीन, आणि सगळे माझ्याशी चांगलं वागतील. इथं निदान मला घरभर चिडायला जागा होती.

पांढुर्ण्याच्या भांड्यांच्या दुकानात फोन करून विचारलं, तर दुकानदार म्हणाला, काकाजी, आता बंब कोण दुरुस्त करते, नवीन गीझर घ्या. मी फोन ठेवला. मग लोधीखेड्याच्या देवीदासचं नाव कळलं. बापापासून तांब्याचं काम करणारा माणूस. शुक्रवारी सकाळी सातलाच तो मोटरसायकलवर आला, गळ्यात मफलर, डिक्कीत हातोड्या.

त्यानं आधी माझा मसाला पाहिला. "हे कोनं केलं जी?"

"मी."

त्यानं लगेच खरवडणी काढली, ते मला जास्त लागलं. मसाला खरवडून काढला, बंब रिकामा केला, पुसला. मग कालची राख घेऊन सगळ्या जोडांवर बोटानं चोपडली आणि बंब पुन्हा भरला. पाणी केसाएवढ्या फटीतून आलं तरी राख तिथं काळी पडते. आम्ही दोघं वाकून बघत होतो. राख पांढरीच राहिली. त्यानं लाकडं पेटवायला लावली. पाणी तापलं, बंब गुणगुणायला लागला, तरी राख पांढरीच.

"बंब गळत नाही, काकाजी."

"मंग रोज पानी कुठून येऊन राहिलं? मी काय झोपेत सांडतो?" माझा आवाज चढला. एकतीस वर्षं लोक माझ्यावर असेच ओरडायचे, तेव्हा मी शांत राहायचो. तोही शांत राहिला.

"आज आंगोळ झाली तुमची?"

"तू येऊन राहिला म्हनून थांबलो."

"मंग करून घ्या. रोज करता तशीच. मी अठीच बसतो."

परक्या माणसाला बाहेर बसवून आंघोळ करायची म्हणजे अवघडच. पण रविवार दोन दिवसांवर होता. मी तोटीखाली बादली लावली, अर्धी भरली, न्हाणीत नेऊन त्यात थंड पाणी मिसळलं, आंघोळ केली. टॉवेल गुंडाळून बाहेर आलो. नळाची बादली काठोकाठ भरली, दुखऱ्या हाताला सांभाळत उचलली, बंबाच्या तोंडात रिकामी केली आणि आत निघालो.

"थांबा जी," देवीदास म्हणाला. "इकडं या."

तो बंबाच्या मागं, भिंतीकडच्या बाजूला बसला होता. वर तिथं वाफ जायला एक भोक असतं. त्या भोकातून पाणी वाहत होतं, बंबाच्या पाठीवरून खाली उतरत होतं आणि नेमकं बुडाच्या जोडावरून टपकत होतं. मी कपडे घालून, चहा पिऊन येईपर्यंत पाठ वाळून जायची आणि खाली नुसतं तळं उरायचं.

"तुमी काढली अर्धी," तो म्हणाला. "टाकली पूर्ण. जाईन कुठं थे?"

"आमच्या घरी तसंच आहे. ज्याची आंघोळ झाली त्यानं मागच्यासाठी पाणी टाकायचं."

"हाव, थे तं आमच्याकडंही आहे. पण पूर्ण बादली काहून?"

"शांताला पूर्ण लागते," मी म्हणालो.

लागते म्हणालो. लागायची नाही. माझ्याच कानांवर तो शब्द पडला आणि मी टॉवेलवर तसाच उभा राहिलो. शांताला थंड पाणी मिसळलेलं चालत नसे. भरलेली बादली कढत घ्यायची. चटका बसत नाही काय म्हणून मी विचारायचो, तर म्हणायची, तुमच्यासारखं कोमट पानी मी भांड्यालेही घेत नाही. मी न्हाणीतून बाहेर आलो की ती तोटी सोडायची, मी बादली ओतायचो, न्हाणीची कडी वाजायची. चाळीस वर्षं. ती गेल्यावर सकाळी बंब पेटवायचं तिचं काम मी माझ्याकडं घेतलं, पण माझं तिच्यासाठीचं काम थांबवायचं, हे मला कोणी सांगितलं नाही आणि सुचलंही नाही. रोज मी तिच्यासाठी पाणी टाकत होतो. ती ते काढत नव्हती, म्हणून ते वाहून जात होतं.

देवीदासनं माझ्याकडं पाहिलं नाही. त्यानं पान्हा घेतला आणि आधीच घट्ट असलेली तोटी पुन्हा आवळली. बराच वेळ आवळली.

"अर्धीच टाकत जा," जाताना तो म्हणाला. "बंब आनखी वीस वर्षं जाते. असं तांबं आता भेटत नाही." अंगणातल्या झाडाची चार संत्री तेवढी घेतली आणि गेला.

दीपाली जावयांसोबत शनिवारी संध्याकाळीच आली. रविवारी सकाळी माझी आंघोळ झाल्यावर मी विचार केला, आज मागं माणूस आहे, आणि तिनं तोटी सोडली तशी पूर्ण बादली ओतली. ती लगेच न्हाणीत शिरली. आईसारखंच कढत पाणी घेते ती. मी उगाच पडवीत रेंगाळत कडी वाजायची वाट पाहिली. कडी वाजली. एवढ्या आवाजानं मला इतकं बरं वाटेल हे मला माहीत नव्हतं.

न्हाऊन आल्यावर ती केस पुसत बंबाभोवती फिरली, खाली वाकली, फरशीवर हात फिरवला. "कोरडी आहे. काय निघालं होतं?"

"वायसर," मी म्हणालो.

"एवढंच? अन् तुम्ही तीन महिने शोधत होते?" ती हसली. मग म्हणाली, "बरं. राहा इथंच. पण फोन उचलत जा." चारला त्यांची गाडी नागपूरच्या रस्त्याला लागली. वळणावर जावयांनी एकदा हॉर्न वाजवला.

सोमवारी मी बंब पेटवला. अर्धी बादली काढली, आंघोळ केली. बाहेर आलो, नळाखाली बादली लावली आणि निम्म्यावर नळ बंद केला. ती बादली उचलायला फार हलकी होती. बंबात ओतली आणि आत गेलो नाही, तिथंच उभा राहिलो. भोकातून काही आलं नाही. पाठ कोरडी, जोड कोरडा, फरशी कोरडी. एकतीस वर्षांच्या नोकरीत एवढं चोख काम मी केलं नसेल. न्हाणीचं दार उघडंच होतं.

मी उंबऱ्यावर बसलो. ऑक्टोबरात लोक भेटायला आले तेव्हा मी रडलो नव्हतो, सगळ्यांना चहा विचारत फिरत होतो. आता रडलो. टॉवेलवर, मुरगळलेलं मनगट मांडीवर घेऊन.

आठला फोन वाजला. दीपालीला माझा चेहरा दिसेल म्हणून कॅमेरा बंद करूनच उचलला.

"बाबा, पाहिलं काय? आज फरशीची काय स्थिती?"

"कोरडी आहे," मी म्हणालो.