एकदाच विचारलं

शिकागोच्या त्या विद्यापीठात पाय ठेवल्यापासून मार्लिस हॉगन मनातल्या मनात नावं ठेवत होती. गाडी लावायला जागा नाही. झाडं आहेत, पण प्रत्येक झाडाला पाटी, जसं काही झाडाला स्वतःचं नाव ठाऊक नसावं. आवार दाखवणारी विद्यार्थिनी पाहुण्यांकडे तोंड राहावं म्हणून उलट्या पावलांनी चालत बोलत होती आणि एकदाही अडखळत नव्हती. मार्लिसला त्याचाही राग आला. रस्त्यावरून एक रुग्णवाहिका केकाटत गेली तेव्हा तिनं मोठ्या आशेनं आपल्या मुलीकडे पाहिलं. बेरिटनं दोन्ही कान झाकून घेतले होते. मार्लिसला जरा बरं वाटलं.

बेरिटला इथं प्रवेश मिळाला होता. हो की नाही ते एप्रिल संपायच्या आत कळवायचं होतं. प्रवेश मिळालेल्या मुलांना आधी बोलावून राहू-फिरू द्यायची इथली पद्धत, म्हणून मायलेकी मिनेसोटातल्या नॉर्डेनहून दिवसभर गाडी हाकत आल्या होत्या. दुसरी सोय घराजवळच्या कॉलेजची होती. तिथं गेली असती तर बेरिट घरीच राहिली असती, रविवारी आपल्या लूथरन चर्चमध्ये ऑर्गन वाजवत राहिली असती, आणि संध्याकाळी मार्लिसला घरात बोलायला कोणीतरी मिळालं असतं. ड्वेन, तिचा नवरा, ट्रॅक्टरचे सुटे भाग विकायचा. दिवसभर फोनवर घसा कोरडा करून घरी आला की मुका व्हायचा. बेरिट एकुलती एक. ती गेली की त्या घरात घड्याळाशी गप्पा मारायच्या का, हा मार्लिसचा खरा प्रश्न होता.

पण ‘जाऊ नको’ असं तिनं एकदाही म्हटलं नव्हतं. नॉर्डेनमध्ये असं तोंडावर कोणी म्हणत नाही. तिथं ‘तुला बरं वाटेल तसं कर बाई’ म्हणतात, आणि उसासा मात्र पलीकडच्या खोलीत ऐकू जाईल असा टाकतात.

"गोंगाट फार आहे गं," बेरिट म्हणाली. आदल्या रात्री ती वसतिगृहात एका विद्यार्थिनीच्या खोलीत झोपली होती. "खिडकीखाली कोणीतरी पहाटेपर्यंत भांडत होतं. आणि लिफ्टमध्ये मी सगळ्यांना नमस्कार केला तर सगळे दचकले."

"शहर आहे. असायचंच."

"पण ग्रंथालय पाहिलंस? मला तिथून उठावंसंच वाटेना."

"पुस्तकं काय, आपल्याकडेही मागवता येतात."

बेरिट हसली. "आई, तुला इथलं पाणीसुद्धा कडू लागतंय."

"कडू नाही. क्लोरीनचा वास आहे, एवढंच म्हटलं मी."

दुपारी विद्यापीठाच्या चॅपेलमध्ये, तिथल्या प्रार्थनामंदिरात, जायचं होतं. तिथं ऑर्गन शिकवणारे प्रोफेसर कोवाच वाजवणाऱ्या मुलांना ऐकणार होते. मुलं चारच आली होती. ऑर्गन मात्र असा, की त्याच्या नळ्या पार छताला भिडलेल्या. नॉर्डेनच्या चर्चमधला ऑर्गन दमेकऱ्यासारखा धापा टाकायचा. प्रत्येक कडव्याआधी तो श्वास घेईपर्यंत लोक थांबायचे. बेरिट बूट काढून मोज्यांवर बसली, पाय खालच्या, पायानं वाजवायच्या पट्ट्यांवर ठेवले आणि ईस्टरला वाजवायची तीच घरची प्रार्थना वाजवायला लागली.

मार्लिसनं ती प्रार्थना शेकडो वेळा ऐकली होती. आज ती ओळखू येईना. बाकांच्या लाकडातून सूर पायापर्यंत येत होता. आपली मुलगी एवढी मोठी आहे, हे इतकी वर्षं तो दमेकरी ऑर्गन आपल्याला कळू देत नव्हता, हे तिच्या लक्षात आलं, आणि अभिमान वाटायच्या आधी ‘ही आता घरी राहत नाही’ असं तिच्या मनात आलं.

कोवाच बाकावरून उठले. मग पुढे होऊन त्यांनी विचारलं, "कुठं शिकलीस?"

"आमच्या चर्चच्या जुन्या बाईंकडे. त्यांचे हात आखडले, म्हणून मग मीच वाजवते."

"हे बघ, माझ्याकडे एक जागा आहे. एकच. रविवारच्या प्रार्थनेला वाजवायचं, चॅपेलची किल्ली तुझ्याकडे राहील, वाटेल तेव्हा येऊन बस. मी स्वतः शिकवीन. घेशील?"

बेरिट कानापर्यंत लाल झाली. "छे हो, मी कुठली! माझ्यापेक्षा चांगलं वाजवणारं कोणीतरी असेलच. त्यांना द्या ना."

आता नॉर्डेनमध्ये पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा माणूस एक तर परगावचा असतो, नाहीतर त्याला घरचं वळण नसतं. कॉफी घेणार का? नको, नको. घ्या की थोडी. नको हो, तुम्हाला त्रास कशाला. केलेलीच आहे, घ्या. बरं, मग अर्धाच कप. असा तो व्यवहार असतो, आणि ज्याला कॉफी खरोखर प्यायची आहे तोसुद्धा तिसऱ्या आग्रहाखेरीज कपाला हात लावत नाही. पाय फुटलेल्या बाळापासून थडग्याकडे निघालेल्या म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना हे कळतं. बेरिटला हे मार्लिसनंच शिकवलं होतं, लहानपणी एकदा शेजारणीच्या बशीतला लेमन बार, लिंबाची गोड वडी, पटकन उचलला म्हणून हातावर चापट मारून.

"बरं," कोवाच म्हणाले. "स्पष्ट सांगितलंस, हे आवडलं मला. पुष्कळ मुलं हो म्हणतात आणि मागाहून पाय काढतात." आणि ते न्यू जर्सीहून आलेल्या एका उंच मुलाकडे वळले. "तुझं काय?"

"घेतो!" तो म्हणाला. त्याला धड विचारूनही झालं नव्हतं.

बेरिट तशीच उभी राहिली. चेहऱ्यावर हसू होतं, पुढच्या आग्रहाची वाट पाहणारं. मग तिनं मान वळवून आईकडे पाहिलं.

काय झालं ते त्या चॅपेलमध्ये एकट्या मार्लिसला समजलं होतं. एकोणीस वर्षांची असताना ती मिनिआपोलिसला एका दंतवैद्याकडे नोकरीला गेली होती. घरमालकीण पहिल्या संध्याकाळी म्हणाली, "जेवणार का?" मार्लिस म्हणाली, "नको, भूक नाही." घरमालकिणीनं भांडी आवरून टाकली. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री ती उपाशीपोटी उशीत तोंड खुपसून रडली, आणि चौथ्या दिवशी हो म्हणायला शिकली. पण ते शहर तिच्या मनातून उतरलं ते उतरलंच. पुढं ती गावी परतली, तेव्हा ‘मलाच करमेना’ असं सगळ्यांना सांगितलं. उपाशी राहिल्याचं फक्त ड्वेनला ठाऊक होतं, तेही लग्नाआधी, लाडात आल्यावर सांगितलेलं.

एक वाक्य पुरलं असतं. साहेब, आमच्याकडचं पहिलं नको म्हणजे नको नसतं, तिला पुन्हा विचारा. वाक्य जिभेवर आलंही होतं. मार्लिसनं मान खाली घातली आणि कोटाची चेन लावू लागली. चेन चांगली सरळ लागत होती, तरी ती बराच वेळ लावत राहिली.

नंतर बेरिट उगीचच रेंगाळली. बाकांवरची प्रार्थनेची पुस्तकं सारखी केली. कोवाचांच्या जवळून दोनदा गेली. शेवटी त्यांनी हात पुढं केला. "सुरेख वाजवतेस. जिथं जाशील तिथं यश मिळो."

परतीच्या वाटेवर विस्कॉन्सिन लागेपर्यंत बेरिट खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "एकदाच विचारलं गं त्यांनी."

"हं."

"म्हणजे मनापासून नव्हतंच. तोंडदेखलं असेल. आई आलीय बरोबर, काहीतरी बरं बोलावं, म्हणून."

मार्लिसचं लक्ष रस्त्यावर होतं. "शहरातली माणसं तशीच असतात," ती म्हणाली, आणि हे तर खोटं नव्हतं, असं स्वतःला बजावलं.

वाटेत एका खाणावळीत थांबून त्यांनी तळलेलं चीज मागवलं. बेरिटनं ते नुसतंच चिवडलं. "मला नाही मानवायचं ते," ती म्हणाली. "गोंगाट मी सोसला असता. पण आपण कोणाला थोडे तरी हवे असायला नको का?"

इथं सांगायचं, मार्लिसनं ठरवलं. तेवढ्यात वाढणारीनं विचारलं, अ‍ॅपल पाय आणू का, ताजा आहे. मार्लिस नको म्हणाली, मग वाढणारीनं आग्रह केला, आणि त्या सगळ्यात सांगायचं राहून गेलं. खरं म्हणजे राहून गेलं नाही, तिनं राहू दिलं. गाडीत बसताना तिचा जीव भांड्यात पडला होता, आणि त्याची तिला लाजही वाटत होती, पण लाजेपेक्षा सुटका मोठी होती. मुलगी घरी राहणार होती.

दुसऱ्या दिवशी जेवताना ड्वेननं विचारलं, "मग? कसं होतं?"

बेरिटनं सगळं सांगितलं. ऑर्गन, किल्ली, न्यू जर्सीचा मुलगा. ड्वेननं बटाट्या-खिम्याच्या हॉटडिशचा घास तोंडाशी नेता नेता थांबवला.

"थांब, थांब. तू नेमकं काय म्हणालीस?"

"म्हटलं, दुसऱ्या कोणाला तरी द्या. रीतीप्रमाणं."

ड्वेन खो खो हसला. "अगं वेडे, त्यानं ते खरंच धरलं! बाहेरगावच्या गिऱ्हाइकांना मी ‘राहू द्या, त्रास कशाला’ म्हटलं की ते खरंच राहू देतात. फोन ठेवतात! तुझ्या आईला विचार की. मिनिआपोलिसला तीन रात्री उपाशी झोपली होती ही, याच्याचपायी." तो बायकोकडे वळला. "मार्लिस, तू का नाही सांगितलंस त्याला?"

त्यानं अगदी भाबडेपणानं विचारलं होतं. मार्लिसनं बटाट्यांचं भांडं उचललं आणि परत तिथंच ठेवलं.

"गडबडीत माझ्या लक्षात आलं नाही," ती म्हणाली.

बेरिटनं काटा खाली ठेवला. "मी तुझ्याकडे पाहिलं होतं, आई. तू कोटाची चेन लावत होतीस."

ड्वेनचं हसू हळूहळू उतरलं. "उद्या फोन करू," तो म्हणाला. "त्यात काय एवढं. गैरसमज झाला म्हणून सांगू."

फोन त्यानंच लावला, सगळ्यांना ऐकू यावं असा, स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून. कोवाच भले गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खरोखर हळहळले.

"अरेरे! मी तर तिच्या शब्दाचा मान राखला हो. जागा त्या मुलाला दिली, त्यानं सहीसुद्धा केली. आणि तिच्या आई तिथंच होत्या ना? त्या काहीच बोलल्या नाहीत, तेव्हा मला वाटलं, घरी ठरवूनच आले आहेत."

ड्वेननं आभार मानून फोन बंद केला. मग त्याला एकाएकी गोदामात काहीतरी काम आठवलं, आणि तो टोपी घालून निघून गेला.

बेरिट लॅपटॉप घेऊन टेबलाशी बसली. विद्यापीठाचं पान उघडल्याचं मार्लिसला ओट्यापासूनच दिसलं. ऑर्गन गेला तरी प्रवेश होताच, मुदतही होती.

"हे काय करतेस?"

"हो म्हणून कळवतेय."

"अगं, पण तुला आवडलं नव्हतं ना ते?"

"नव्हतंच आवडलं. अजूनही नाही आवडत. भीती वाटते मला त्या शहराची."

"मग कशाला जातेस? किल्ली नाही, ऑर्गन नाही, ओळखीचं कुत्रं नाही तिथं. उगाच माझ्यावरच्या रागानं..."

"राग नाही," बेरिट म्हणाली. आवाज खरंच रागाचा नव्हता, आणि मार्लिसला तेच जास्त लागलं. "तिथं माझ्यासाठी कोणी तोंड उघडणार नाही, हे मला माहीत आहे. ते धरूनच मी राहीन. इथं मला ते माहीत नव्हतं."

मार्लिस तिच्या खुर्चीमागं येऊन उभी राहिली. खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण ठेवला नाही. जन्मभर घरात, चर्चमध्ये, शेजारपाजारी आडवळणानं बोललेली ती बाई. शब्द बाहेर पडायला वेळ लागला, आणि पडले ते ओबडधोबड पडले.

"जाऊ नको," ती म्हणाली. "मला तू हवी आहेस. राहा इथं."

बेरिट मागं वळली नाही.

"हे तू शिकागोला जायच्या आधी म्हणाली असतीस ना," ती म्हणाली, "तर मी बघायलासुद्धा गेले नसते." आणि तिनं होकाराचं बटण दाबलं.