किटलीचं सॉकेट

भावोजींना सगळं तीन-तीन लागायचं. तीन छत्र्या, तीन चष्मे, दाराच्या किल्ल्या तीन. त्यातली एकही वेळेवर सापडत नसे, हा भाग वेगळा. स्टुडिओवाल्यांचे फोटो सांभाळणारी त्यांची छोटी कंपनीही प्रत्येक फोटोच्या तीन प्रती ठेवी. परिणामी खोलीतल्या हार्डडिस्कच्या नऊही पेट्या गच्च भरल्या, आणि दहा वर्षांपूर्वीच्या लग्नांचे फोटो सोमवारी पुसायचं ठरलं.

"अर्ध्या जोडप्यांना ते पुसलेलेच बरे वाटतील," भावोजी म्हणाले.

"आणि उरलेल्या अर्ध्यांना तोंड कोण देणार?" वहिनी म्हणाल्या. त्या कंपनीतल्या एकुलत्या एक इंजिनिअर आणि मालकाच्या थोरल्या भावाची बायको. पगार बेताचा, पण उलट बोलायची मुभा होती.

त्यांचा तोडगा असा: फाइलचे सहा तुकडे करायचे, गणिताने त्यांच्यावरून आणखी तीन काढायचे आणि पेटीगणिक एक तुकडा ठेवायचा. नवांपैकी कुठलेही सहा हाती आले की फाइल जशीच्या तशी परत. जागा निम्मी. चाचणीपुरत्या काही फाइली त्यांनी तशा ठेवल्याही होत्या.

"म्हणजे कुठल्याही तीन पेट्या गेल्या तरी?"

"कुठल्याही. विजेच्या एका बोर्डावर तीनच पेट्या लावल्यात. अख्खा बोर्ड बंद करून बघा."

भावोजींनी त्यातली आपल्या आईंच्या आवाजाची फाइल निवडली आणि पहिल्या बोर्डाचं बटण बंद केलं. चार पेट्यांचे दिवे विझले. पडद्यावर आलं: पाच तुकडे मिळाले, फाइल उघडत नाही.

वहिनींनी दिवे दोनदा मोजले. मग त्यांचं लक्ष दुसऱ्या बोर्डावर मजेत वाफ सोडणाऱ्या किटलीकडे गेलं.

"चूक माझी," त्या म्हणाल्या. "सकाळी चहासाठी चौथ्या पेटीची पिन काढून पहिल्या बोर्डात खुपसली."

"म्हणून म्हणतो, तीन प्रती." भावोजींनी त्याच फाइलची जुनी प्रत उघडायला घेतली. उघडेना. दुसरी, तिसरी, तीच गत. तिन्ही प्रती पहिल्या तीन पेट्यांत शेजारीशेजारी, त्याच बोर्डावर, दहा वर्षं सुखाने नांदत होत्या.

भावोजी वहिनींकडे वळले.

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"आत्ता कळलं, तुमच्याबरोबरच."

वहिनींनी उठून किटली काढली, चौथी पेटी तिच्या जागी लावली, सगळे दिवे लागू दिले आणि पहिला बोर्ड पुन्हा बंद केला. या वेळी तीनच विझले. क्षणभराने आईंचा आवाज आला, "पंखा बंद केलास का रे? तीनदा सांगितलं."

भावोजींनी नकळत वर पंख्याकडे पाहिलं.

"सोमवारचं पुसणं राहू द्या," ते म्हणाले. "एकूण बोर्ड किती आहेत?"

"तीन."

"मग ठीक आहे," असं म्हणून ते किटली घेऊन बाहेर व्हरांड्यात सॉकेट शोधायला गेले.