बाबांनी काढलेली कात

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावर एक आचारी बाही वर करून बसला होता आणि कातवाले बाबा त्याच्या भाजलेल्या हातावरून बोटं फिरवत होते.

“साप कात टाकतो! मग माणसानंच काय घोडं मारलंय?” बाबा गरजले. “जुनं जळकं कातडं, निघ! नवं कातडं, ये!”

त्यांनी मनगटापाशी चिमटीत कड धरली आणि कांद्याच्या सालीसारखा पिवळट पापुद्रा सरसर ओढून काढला. खाली गुलाबी, कोवळी त्वचा. टाळ्यांनी छत दणाणलं. चेल्यांनी पापुद्र्याचे तुकडे केले, तेव्हा चांगली शिकलीसवरली माणसं ते घ्यायला एकमेकांच्या अंगावर पडली. कोणी तुकडा डोळ्यांना लावला, कोणी पाकिटात जपून ठेवला. एका चष्मेवाल्या गृहस्थाने तर तो सरळ जिभेवर ठेवला.

मागे बसलेल्या डॉक्टरीणबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या आचाऱ्याचा हात इस्पितळाच्या जळीत विभागात त्यांनीच साफ केला होता, तो पापुद्राही त्यांनीच लावला होता. आणि टाळ्या कोणाला? पण त्या टाळ्यांसाठी आल्या नव्हत्या. पुढच्याच रांगेत शिंपीदादांची लहानगी मुलगी आजीच्या मांडीवर बसली होती. इस्त्रीच्या वाफेने तिचा उजवा पंजा भाजला होता. त्यावरही बाईंनी पापुद्रा लावून परवाच फडकं बांधलं होतं, कडा अजून ओल्या होत्या. एरवी चेले सुटत आलेले पापुद्रेच हेरून वर घेत. पण लहान मूल म्हटलं की टाळ्या जास्त, म्हणून आज हिलाही बोलावलं होतं. आज ओढला तर खाली उघडी जखम निघणार, चिघळणार आणि बोटं आखडून बसणार.

सकाळपासून समजावून डॉक्टरीणबाईंच्या घशाला कोरड पडली होती. आजींचं पालुपद एकच: “तुम्ही म्हणता थांबा, थांबा. बाबा एका चिमटीत काढतात!” आणि शिंपीदादा आईपुढे तोंड उघडायला तयार नाहीत.

“पुढचा!” चेला ओरडला. आजी उठायच्या आत डॉक्टरीणबाई तरातरा मंचावर गेल्या. अंगावर पांढरा कोट नव्हता, त्यामुळे त्या डॉक्टर आहेत हे न कळून बाबा प्रसन्न हसले. बाईंनी डाव्या हाताचं फडकं सोडलं. तोच पिवळट पापुद्रा, वाळून घट्ट बसलेला.

“तेल उडालं ना, ताई?”

“तुम्हीच ओळखा.”

“तेलच! फार सोसलंत. आता बघा. जुनं जळकं कातडं, निघ!” पापुद्रा निघाला. बाबांनी तो हात उंच धरून गर्दीला दाखवला. “पाहा! डागसुद्धा नाही!”

“डाग असेल कसा?” डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या हाताने त्यांच्यापुढचा माइक ओढला. “हा हात कधी भाजलाच नव्हता.”

टाळ्या मध्येच थांबल्या.

“मी जळीत विभागातली डॉक्टर आहे. मुदत संपलेला, फेकून द्यायचा पापुद्रा आज सकाळी मीच हातावर चिकटवला आणि पंख्याखाली वाळवला. चांगला असतो तो आम्ही जखमेवर लावतो. जखम झाकली जाते, म्हणून आग कमी होते, जंतू बाहेर राहतात आणि खाली शरीर आपली त्वचा आपणच तयार करतं. ती झाली की पापुद्रा सुटतो. सुटायला आलेला बाबा ओढतात आणि म्हणतात, मी कात काढली!”

“श्रद्धा नसेल तर...” बाबांनी सुरुवात केली.

“श्रद्धा राहू द्या. आचारीदादा, इथे यायच्या आधी कुठे होतात?”

आचाऱ्याने मान खाली घातली. “इस्पितळात.”

“पण तो पापुद्रा असतो कशाचा?” चष्मेवाल्याने विचारलं.

“बाळंतपणात वार पडते ना, तिचं आतलं अस्तर.”

चष्मेवाला तोंडावर हात दाबून दाराकडे पळाला. लोकांनी भराभर पाकिटं झटकली. बाबा कधी मागच्या दाराने सटकले, कुणालाच कळलं नाही. इतक्यात खालून आवाज आला, “शी! ही घाण माझ्या नातीच्या हाताला?” आणि आजी फडक्याची गाठ सोडू लागल्या.

डॉक्टरीणबाईंना वाटलं, इथेच डोकं आपटून घ्यावं. चमत्कार म्हणून जिभेवर चालत होतं, तेच औषध म्हटल्यावर घाण! त्या धावत खाली आल्या.

“थांबा, आजी! सुनेच्या पोटात ही पोर अशाच अस्तराच्या पिशवीत वाढली. तेव्हा नव्हती का घाण?”

आजींची बोटं गाठीवरच थांबली. त्या नातीकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “ज्या बाईची वार घेतली, तिला विचारलं होतं का?”

सकाळपासून आजींनी रागाशिवाय, भक्तीशिवाय विचारलेला हा पहिला प्रश्न.

“विचारलं होतं. तिची संमती घेतली, तिचं रक्त तपासलं, मग ते अस्तर धुऊन निर्जंतुक केलं.”

“आणि हिची बोटं वळतील?”

“वळतील असं वाटतं. पण पापुद्रा जागेवर राहिला पाहिजे. आज ओढला असता, तर मला काहीच सांगता आलं नसतं. आजी, आत्ता मला विचारलंत तसं त्या बाबांनाही विचारायचं होतं. जो उत्तर देतो, त्याच्या हातात पोरीचा हात द्या. जो नुसती श्रद्धा मागतो, त्याच्या हातात देऊ नका.”

आजींनी अर्धवट सुटलेली गाठ पुन्हा बांधली, नातीचा हात अलगद उचलला आणि डॉक्टरीणबाईंच्या हातात दिला.