चूपबाईंचं पुस्तक

"आधी ती 'शांतता राखा'ची पाटी काढा, बाई," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "आता आपलं ग्रंथालय बोलकं झालंय!"

ग्रंथपालबाईंनी स्टुलावर चढून पाटी काढली. खाली फुगीर गाद्या आल्या होत्या, गोष्टी ऐकायचे हेडफोन आले होते, बुद्धिबळाचे पट आले होते आणि एक छोटा यंत्रमानवही आला होता. तो सारखा कपाटावर आपटायचा आणि पुन्हा त्याच जोमाने चालू लागायचा. बाईंना त्याचं कौतुक वाटायचं. इतकी वर्षं त्यांनी नुसत्या एका 'शू'वर अख्खे वर्ग वठणीवर आणले होते. मुलं पाठीमागे त्यांना चूपबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि त्यांनी ते चूप बसून चालवूनही घेतलं होतं.

नव्या उपक्रमाचं नाव होतं 'माणूस वाचा'. बाहेरची माणसं पुस्तकं होऊन बसणार, प्रत्येकासमोर शीर्षकाची पाटी आणि एक रिकामी खुर्ची. ज्या मुलाला जे पुस्तक हवं, त्याने तिथे बसून ऐकायचं. अग्निशमन दलातला जवान येणार होता, एक निवृत्त ट्रक ड्रायव्हर येणार होते. बेकरीवाल्या मावशींनी मात्र आदल्या दिवशी अंग काढून घेतलं.

"मग तुम्हीच बसा ना, बाई."

"मी? माझ्यात काय आहे वाचण्यासारखं?"

"अहो, कोऱ्या वहीतसुद्धा रेघा असतात," मुख्याध्यापिका म्हणाल्या आणि स्वतःच्याच विनोदावर हसत निघून गेल्या.

घरी आल्यावर हे सांगायचं कुणाला? कुलूप उघडलं, दिवा लावला, चहा केला, तरी सांगायला कुणी सापडेना. शेवटी बाईंनी वहिनीला फोन लावला. दादा गेल्यापासून वहिनी मुलाकडे परगावी राहत होती.

"वन्सं, तुम्ही आणि पुस्तक? अगंबाई!" वहिनी खळखळून हसली. "सांगणार काय पण?"

"बघते. काहीतरी जुनं."

"मग याच्याच लहानपणचं सांगा की! तुम्हीच वाढवलंत त्याला. मी मेली सदा हॉस्पिटलात ड्यूटीवर."

"आहे का तो घरी?"

"आहे, पण मीटिंगमध्ये आहे हो. नंतर करेल तुम्हाला."

हे 'नंतर' बाईंच्या चांगल्या ओळखीचं होतं. त्यांनी फोन ठेवला आणि पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत शीर्षक काढलं, 'मी वाढवलेलं मूल'. त्या मुलाची एक गोष्ट त्यांनी आजवर कुणालाही सांगितली नव्हती. आता मात्र ती एकदा तरी कुणीतरी शेवटपर्यंत ऐकावी असं त्यांना फार वाटू लागलं. अनोळखी मूल असलं तर उत्तमच. ते काही वहिनीला जाऊन सांगणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात ही झुंबड उडाली. जवानाने हेल्मेट आणलं होतं, त्यामुळे त्याच्यापुढे जत्राच भरली. ट्रक ड्रायव्हर हॉर्नचे आवाज तोंडाने काढून दाखवत होते. बाईंच्या समोरची खुर्ची रिकामी. गलका वाढत गेला आणि सवयीने बाईंचं बोट ओठांवर गेलं.

"शू!"

सगळं चिडीचूप. मुलंच काय, जवानसुद्धा अर्ध्या वाक्यात थांबला.

"अहो बाई, आज नाही!" मुख्याध्यापिकांनी कपाळाला हात लावला. सगळे हसले आणि बाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

तेवढ्यात सातवीतली एक मुलगी पुढ्यात येऊन उभी राहिली. "बाई, तुमचं पुस्तक रिकामं आहे का? तिकडे माझा नंबर यायला वेळ आहे."

"बस, बस ना."

बाईंनी सुरुवात केली.

"बाई, मोठ्याने बोला ना. काहीच ऐकू येत नाहीये."

बाईंनी घसा खाकरून आवाज चढवला. भावाचा मुलगा, त्याला भरवलेले घास, त्याला शिकवलेली अक्षरं. "झोपताना त्याला धरायला माझा कान लागायचा."

"कान?" मुलगी फिसकन हसली आणि खुर्ची ओढून जवळ सरकली. "मग?"

त्या 'मग'ने बाईंचा जीव सुपाएवढा झाला. "मग एकदा त्याला सणकून ताप भरला. दुपारची वेळ. घरात आम्ही दोघंच. त्याला मांडीवर घेऊन मी पट्ट्या ठेवत होते. त्याने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि…"

"ए, ये ना लवकर!" मैत्रीण ओरडली. "हेल्मेट घालायला देतायत!"

मुलगी अर्धवट उठली. पोर गुणी होती, तशीच पळाली नाही. "बाई, तो बरा झाला ना पण?"

"झाला की."

"मग झालं तर!" तिला खरंच हायसं वाटलं.

"जा, जा. नंबर जाईल तुझा," बाई म्हणाल्या.

शिपाईमावशी आल्या. "बाई, ही खुर्ची नेऊ का? तिकडे कमी पडतायत."

"न्या."

खुर्ची गेली. समोर नुसती फरशी उरली. कुणाचंच लक्ष नव्हतं. बाईंनी हात मांडीवर ठेवले आणि मघाच्याच चढलेल्या आवाजात समोरच्या मोकळ्या जागेला पुढचं सांगितलं.

"आणि मला म्हणाला, आई. ड्यूटीवरून लवकर आलेली वहिनी दारात उभी होती. तो पुन्हा म्हणाला, आई. मी ओ दिली नाही."