जुने काढण्याआधी

कस्तुरीने दुसरी फ्लॉपी आत सरकवली आणि पडद्यावरची निळी पट्टी पुढे जाताना पाहत राहिली. मागे तिचे सासरे, श्रीनिवासशास्त्री, सुपारी कातरत बसले होते.

"जुना प्रोग्राम पहिले काढायला नको का?" त्यांनी विचारले.

"नाही मामंजी. आधी नवा बसतो. जुना सापडला, तर मग तो काढायचा."

"म्हणजे जानव्यासारखं. नवं गळ्यात पडल्यावरच जुनं उतरवायचं." ते खूश झाले. "मशीनवर संस्कार केलेस तू."

ती हसली. क्रम लावताना तिच्या मनात खरोखर तेच होते.

"घाटावरचे विष्णुगुरुजी विचारत होते," शास्त्री म्हणाले, "ही मशीन पिंडदानही करते का. म्हटलं, करेल, पण घाटाच्या पायऱ्या कोण उतरवणार तिला!"

प्रोग्राम श्राद्धतिथींचा होता. विद्यापीठाच्या संगणक केंद्रातली नोकरी सांभाळून तिने तो लिहिला होता, आणि शास्त्रींनी एका बोटाने त्यात यजमानांच्या घरोघरच्या तिथी भरल्या होत्या. उद्यापासून पितृपक्ष. नाशिक-साताऱ्याकडची माणसे काशीला, दशाश्वमेध घाटावर त्यांना शोधत येणार होती.

पट्टी पूर्ण झाली. शास्त्री संध्येसाठी घाटावर गेले. तिने प्रोग्राम उघडला. यादी रिकामी होती.

तिने बसवणीच्या सूचना ओळीने वाचल्या. नवा बसव. जुना सापडला तर काढ. नोंदी सापडल्या तर नव्यात आण. एकही अट चुकीची नव्हती. पण नोंदी जुन्याच्याच फोल्डरमध्ये होत्या. दुसऱ्या सूचनेने तो मुळासकट पुसला आणि तिसरीला काही सापडलेच नाही, म्हणून ती मुकाट्याने वगळली गेली. केंद्रातल्या मशीनवर जुना प्रोग्राम नव्हताच. तिथल्या चाचणीत हे दिसणार कसे? तिने तिसरी ओळ उचलून दुसरीच्या वर ठेवली. गेलेल्या नोंदी त्याने परत येणार नव्हत्या.

कपाटात होळीच्या वेळी काढलेली नोंदींची प्रत होती. ती चढवल्यावर यादी भरली. नव्या यजमानांच्या नोंदी शास्त्री दिवाळीनंतर एकदम करत, त्यामुळे होळीनंतरची म्हणून असेल तर एकच. चैत्रात सासूबाई गेल्या होत्या. तेरावे झाल्यावर शास्त्री मशीन सुरू करून याच खुर्चीत बराच वेळ बसलेले तिने पाहिले होते. ती नोंद त्यांना पुन्हा करायला लावायची?

शास्त्रींच्या आईवडिलांच्या नावांखाली तिने लिहिले: प्रभावती. चैत्र वद्य षष्ठी. काही सांगायचे नाही, असे तिने ठरवले.

शास्त्री परतले, ओले पंचे दोरीवर टाकून मशीनपुढे बसले. बाण दाबत ते एकेक नाव खाली गेले, आणि थांबले.

"हे कोणी लिहिलं?"

कस्तुरीने पदराचे टोक मुठीत धरले.

"होळीनंतरचं पुसलं गेलं मामंजी. माझ्याकडून क्रम चुकला. तुमची नोंद मी परत भरली."

"मी भरलीच नव्हती," ते म्हणाले. "बसलो होतो दो-चार दफा. मग बंद करून टाकायचो."

बाहेर सायकलरिक्षाची घंटी वाजून गेली.

"काढू का?" तिने हात पुढे केला.

त्यांनी तो हलकेच बाजूला केला. नावापुढे गोत्राचा रकाना मोकळा राहिला होता. चष्मा नाकावर नीट बसवून, एकेक कळ शोधत, ते तो भरू लागले.